फुजीच्या बाजूची खिडकी

जपानमध्ये भाव करता येत नाही, एवढ्या एकाच कारणासाठी मी जपानला गेलो.

हे वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. माझी बायको सुलभाही हसली होती. तीही नागपूरला, साडूंच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत! साडू म्हणजे मधुकरराव, सुलभाच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने थंड आणि नुकतेच एका टूरबरोबर जपान पाहून आलेले. वाढपी जिलबी वाढत होते आणि मधुकरराव जपान वाढत होते. नको नको म्हटलं तरी पानात पडत होतं. सगळ्यांना पोटभर वाढून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"विनायकराव, तुम्ही मात्र तिकडे जाऊ नका हं."

"काहून?"

"तिथं भाव होत नाही. भांडणही होत नाही. तुमचा जीव घुसमटेल हो!"

पंगत हसली. मला त्याचं काही नाही, पंगती हसतच असतात. पण सगळे हसायचे थांबले आणि सुलभा हसतच राहिली. एक अख्खी जिलबी खाऊन होईल इतका वेळ ती एकटी हसत होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

माझं काय आहे, मी जबलपूरच्या घमापुरात एका खोलीत वाढलो. वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामगार, सायकलने जायचे-यायचे. मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये पत्रा कापायची एक जुनाट प्रेस लावली आणि बिजागऱ्या काढायला लागलो. आज अर्ध्या जबलपूरची दारं माझ्या बिजागऱ्यांवर उघडतात आणि (घरात भांडण झालं की) माझ्याच बिजागऱ्यांवर आपटतात. हे सगळं मी भाव करून आणि भांडून मिळवलं. ज्या माणसाला आयुष्यात दोनच विद्या येतात, त्याला कोणी सांगितलं की अमुक देशात त्या दोन्ही चालत नाहीत, तर त्या माणसाने काय करावं? गप्प बसावं?

परतीच्या गाडीत मी जाहीर केलं, "आपण जपानला जाऊन राहिलो. टूर नाही, एजंट नाही. आपलं आपण, तिथल्या रेल्वेने आणि बसने फिरायचं. प्लॅनिंग मी करणार."

"मी नाही येत," सुलभा म्हणाली. तिने खिडकीबाहेरून नजरसुद्धा काढली नाही.

आमची मुलगी ईशा कानातल्या गाण्यांतून बाहेर आली. ती घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते, मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. "मम्मी, चलो ना! मज़ा आएगा।"

सुलभाने आता खिडकीबाहेरून नजर काढली. मग म्हणाली, "एका अटीवर येते. मला फुजी दाखवायचा. गाडीच्या खिडकीतून."

इथे सांगितलं पाहिजे की सुलभाने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी ज्वालामुखीचा धडा आला की ती फळ्यावर फुजी काढायची. खाली रुंद, वर निमुळता, डोक्यावर खडूने बर्फाची टोपी. "पोरांनी पेपरात काढलेले हजारो फुजी तपासले मी," ती म्हणाली. "कोणाचा समोशासारखा, कोणाचा तंबूसारखा. एकाने तर वर तिरंगा लावला होता. खरा एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. मधुभाऊजींना ढगांमुळे दिसला नाही. तुम्ही दाखवत असाल तर येते. आणि तेवढंही नाही जमलं, तर यापुढे आपल्या घरात प्लॅनिंग हा शब्द काढायचा नाही. कुठे जायचं ते मी आणि ईशा ठरवू, तुम्ही बॅगा धरायच्या."

"मंजूर!" मी म्हणालो. (सौद्यात पहिल्याच फेरीला 'मंजूर' म्हणण्याची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. तिथेच चूक झाली.)

एजंट नाही असं म्हटलं होतं खरं, पण समोरच्याचा भाव काय आहे हे माहीत असल्याशिवाय मी कोणताही माल घेत नाही. म्हणून सदर बाजारातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आलो. तरुण मुलगा होता, गळ्यात टाय, टेबलावर जपानचा झेंडा.

"फुजी दिखेगा?" मी थेट विचारलं.

"अंकलजी, मौसम के ऊपर है।"

"नहीं दिखा तो पैसा वापस?"

"अंकलजी, पहाड़ हमारा नहीं है।"

"तो फिर बेच कैसे रहे हो?"

माझ्याकडे पुढचे चार प्रश्न तयार होते, पण त्याने मला पाणी दिलं आणि मग साहेबांना बोलावलं आणि मग साहेबांनीच मला दारापर्यंत सोडलं. दाराची बिजागरी माझ्याच कारखान्यातली निघाली. मी दार आपटलं नाही. घरचा माल आहे!

त्याच संध्याकाळपासून जेवणाच्या टेबलावर जपान पसरला. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मी त्यांवर टाइमटेबल आखायला घेतलं. ईशा फोनमध्ये बघून गाड्या सांगायची, मी लिहायचो. फुजी कुठल्या हाताला येतो यावर मी इंटरनेटवर दोन तास घालवले. सुलभा कणीक मळता मळता म्हणाली, "टोकियोहून क्योटोला जाताना गाडी पश्चिमेला जाते, डोंगर उत्तरेला. म्हणजे उजव्या हाताची खिडकी. सातवीतला प्रश्न आहे." मी तरी अजून एक तास घालवला. उजवाच निघाला.

खरा वाद झाला तो वेळेवरून.

"ईशा, प्रत्येक गाडीमागे पाऊण तास लेट धर."

"बाबा, वहाँ ट्रेन लेट नहीं होती।"

"विमान आहे का रेल्वे आहे?"

"ट्रेन है।"

"मग होणार."

"बाबा, एक मिनट लेट हो जाए तो वो लोग माफ़ी माँगते हैं!"

"माफी मागतात म्हणजे होते ना लेट? लिही, पाऊण तास!"

ती रोज माझा पाऊण तास काढून टाकायची आणि मी रोज परत घालायचो. तेवढ्यात एक नवीन आणि भयंकर माहिती हाती आली. बुलेट ट्रेन मधल्या स्टेशनवर जेमतेम एक मिनिट थांबते! आणि आम्ही जिथून चढणार होतो ते टोकियोतलं शिनागावा हे मधलंच स्टेशन होतं. एक मिनिट! आमच्या घरात चप्पल घालून दाराबाहेर पडायला सुलभाला अकरा मिनिटं लागतात, कारण ती गॅस बंद आहे का ते तीनदा बघून येते.

"प्रॅक्टिस करावी लागेल," मी म्हणालो.

"कसली?"

"चढायची."

रविवारी सकाळी मी दोघींना मदनमहल स्टेशनवर नेलं. तिथे काही एक्स्प्रेस गाड्या दोन मिनिटं थांबतात. बुलेटच्या दुप्पट, पण सुरुवातीला ठीक आहे. प्लॅटफॉर्म तिकिटं काढली, म्हणजे सगळं कायद्याने. तीन रिकाम्या बॅगा घेऊन प्रॅक्टिस काय होणार, म्हणून मी त्यांत कारखान्यातल्या बिजागऱ्या भरल्या होत्या. खऱ्या सामानाचं वजन हवं! हमाल आमच्याकडे फार आदराने बघत होते.

"नीट ऐका," मी फलाटावर सूचना दिल्या. "गाडी थांबली की या दाराने चढायचं आणि डब्यातून चालत त्या दाराने उतरायचं. कोणी मधे थांबायचं नाही. विचार करायचा नाही. विचार नंतर!"

"अहो, लोक बघून राहिले," सुलभा पदर सावरत म्हणाली.

"बघू दे. जपानला कोण ओळखतं आपल्याला?"

"हे जपान नाही ना! तो बघा, माझा जुना विद्यार्थी आहे. नमस्कार करतोय."

गाडी आली. ईशा हरणासारखी चढली आणि उतरली. सुलभा विद्यार्थ्याची चौकशी करत खालीच राहिली. मी दोन बॅगा घेऊन चढलो खरा, पण डब्याच्या मधोमध एका कुटुंबाने पुरीभाजीचा डबा उघडला होता आणि दोन सीटांमध्ये चादर बांधून त्यात बाळ झोपवलं होतं. बाळाच्या खालून जावं तर बिजागऱ्या अडकतात, वरून जावं तर बाळ. मी विनंती करेपर्यंत गाडी हलली.

खिडकीतून मला ईशा पळताना दिसली. सुलभा पळत नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचा विद्यार्थी मला टाटा करत होता.

पुढचा थांबा नरसिंहपूर. त्याआधी टीसी आला.

"टिकट?"

मी प्लॅटफॉर्म तिकीट दाखवलं. "साहब, हम जापान की प्रैक्टिस कर रहे थे।"

त्याने शांतपणे बॅगेकडे बघितलं. "इसमें क्या है?"

"कब्ज़े। दरवाज़े के।"

"दरवाज़े के कब्ज़े लेकर जापान जा रहे हैं?"

"नहीं, जापान में कपड़े लेकर जाएँगे। ये सिर्फ़ वज़न के लिए हैं।"

त्याने पावती पुस्तक काढलं. मी दंडातही भाव करून बघितला. त्याने पेन खाली न ठेवता सांगितलं, "भैया, जापान बहुत आगे है। नरसिंहपुर उतर जाइए।"

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा दोघी चहा घेत होत्या. ईशाने टाइमटेबलवर, मदनमहलच्या शेजारी, माझ्याच अक्षराची नक्कल करून लिहिलं होतं, 'लेट: सात तास.' पण मी हार मानत नाही. पुढचे चार रविवार मी प्रॅक्टिस चालू ठेवली (आता उभ्या मालगाडीच्या शेजारी, बॅगा घेऊन नुसतंच धावायचं). शेवटी आम्ही तिघं सामानासकट वीस सेकंदांत कुठल्याही दारातून आत जाऊ लागलो. 'गाडी आली की चढा, विचार नंतर' हे वाक्य सुलभा झोपेतसुद्धा बोलायला लागली.

आणि आम्ही जपानला गेलो.

टोकियोतले पहिले तीन दिवस माझ्या स्वभावाला फार जड गेले. भांडायला कोणी सापडेना! पाऊण तास आधी निघायची माझी आज्ञा होती, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आम्ही पाऊण तास आधी पोचून बाकावर बसायचो. लोकल गाड्या तीन-तीन मिनिटांनी येत होत्या, ठरलेल्या रेघेवर दार आणून उभ्या राहत होत्या आणि लोक रांगेने आत जात होते. सगळ्या डब्यात कोणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं. कारखान्यातून फोरमनचा फोन आला, मी "हां, बोल!" म्हणालो आणि अख्खा डबा माझ्याकडे न बघता इतका ओशाळला की मी पुढच्या स्टेशनवर उतरून बोललो. ईशा आणि सुलभा पुढे निघून गेल्या. दोघींनी मला परत घ्यायला यायची घाई केली नाही.

छत्री घ्यायला गेलो तर दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर किंमत दाखवली. मी कॅल्क्युलेटर घेऊन निम्मी टाकली. त्याने फार विचार केला, आत गेला आणि मी सांगितलेल्याच किमतीची छत्री घेऊन आला. लहान मुलाची, बदकांची चित्रं असलेली. मी घेतली. माघार घ्यायची नाही!

चौथ्या दिवशी फुजी.

सकाळी आकाश असं स्वच्छ होतं की सुलभाने हॉटेलच्या खिडकीतून बघितलं आणि देवाला हात जोडले. चांगली साडी नेसली. आमची तिकिटं ईशाने महिनाभर आधी फोनवर काढलेली, अकरा नंबरचा डबा, सातवी रांग, उजव्या हाताच्या दोन सीटा आणि त्यांच्या मागची खिडकी ईशाची. गाडी नऊ चाळीसची. आम्ही अर्थातच नऊला पाच कमी असतानाच फलाटावर, अकरा नंबरच्या खुणेवर, बॅगा हातात घेऊन, स्टार्टिंग लाइनवर उभे असल्यासारखे.

"जरा वेळ बसू का?" सुलभाने विचारलं.

"बसायचं नाही. गाडी कधीही येऊ शकते."

"नौ चालीस को आएगी, बाबा।" एवढं बोलून ईशा पाणी आणायला फलाटावरच्या मशीनकडे गेली.

ती पाणी घेऊन परत येत होती आणि नऊ चौतीसला, त्याच फलाटावर, त्याच रेघेवर, एक पांढरीशुभ्र लांब नाकाची गाडी येऊन थांबली!

माझ्या अंगावर काटा आला. बिफोर टाइम! सहा मिनिटं बिफोर टाइम! साठ वर्षांत मी गाडी वेळेआधी आलेली पाहिली नव्हती. आता तुम्हीच सांगा, जबलपूरच्या माणसाच्या मनात दुसरी शंका येईल का? आपल्या फलाटावर, आपल्या वेळेच्या सुमारास आलेली गाडी ही आपलीच असते. सहा मिनिटांत त्याच फलाटावर दोन गाड्या ही कल्पनाच आपल्याकडे नाही. (आपल्याकडे सहा मिनिटांत एका गाडीची घोषणासुद्धा पूर्ण होत नाही.)

"चढा!" मी ओरडलो.

"बाबा, एक मिनट, चेक तो..."

"विचार नंतर!"

पाच रविवारांची मेहनत होती. वीस सेकंदांत आम्ही तिघं बॅगांसकट आत! दारं मिटली, गाडी लोण्यासारखी सुटली. मी विजयी मुद्रेने अकरा नंबरच्या डब्यात शिरलो, सातवी रांग गाठली आणि बघतो तर आमच्या दोन सीटांवर एक वृद्ध जोडपं बसलेलं! आजोबा कोटात, आजी फिकट निळ्या स्वेटरमध्ये, मांडीवर जेवणाचा नीटनेटका डबा.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तीन दिवसांनी शेवटी भांडण!

परदेशी माणसाशी मी हिंदीत बोलतो. मराठी घरातली, इंग्रजी मला येत नाही, राहिली हिंदी. "भाईसाहब, ये सीट हमारी है।" मी ईशाच्या फोनवरचं तिकीट त्यांच्यासमोर धरलं. आजोबांनी चष्मा लावला, बघितलं आणि खिशातून आपली तिकिटं काढून दाखवली. अकरा नंबर डबा, सातवी रांग, त्याच दोन सीटा.

"अहो, त्यांचंही तिकीट आहे," सुलभा माझी बाही ओढत म्हणाली.

"डबल अलॉटमेंट! बघ, इथेही होतं! आणि मधुकरराव म्हणे जपानमध्ये भांडण होत नाही!"

"अहो, हळू."

"हक्क हळू सांगून मिळत नाही, सुलभा! देखिए भाईसाहब, महीना भर पहले बुकिंग किया है। मिसेस को पहाड़ देखना है।"

आजोबांनी माझ्या तिकिटावरच्या वेळेवर बोट ठेवलं, काहीतरी सांगितलं. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं, काहीतरी सांगितलं. त्यांनी परत वेळ दाखवली. मी परत सीट दाखवली. आजीने आजोबांच्या कानात काही म्हटलं. मग दोघांनी डबा मिटला, बॅग उचलली आणि अत्यंत अदबीने उठून डब्याबाहेर, दारापाशी जाऊन उभे राहिले.

"बस," मी सुलभाला म्हणालो. "खिडकी तुझी!"

ती बसली, पण अर्धीच. सीटला आपलं वजन कळू नये अशी.

मी पाय पसरले. वाटलं, मधुकररावांना आत्ताच्या आत्ता फोन करावा. तेवढ्यात मागून ईशाचा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. लहानपणी काही फुटलं की ती याच आवाजात हाक मारायची.

"बाबा।"

"काय?"

"ये हमारी ट्रेन नहीं है।"

"म्हणजे?"

"हमारी इसके बाद वाली थी। ये तो हर स्टेशन पर रुकती है।"

मी काही बोलायच्या आत एक तरुण तिकीट तपासणीस बाई आली. ईशाने तिकीट दाखवलं. बाईने आपल्या फोनमध्ये काही सांगितलं आणि फोन आमच्यासमोर धरला. त्यातून शुद्ध हिंदी बाहेर पडली, "आदरणीय यात्री, आपकी गाड़ी इसके पीछे आ रही है, पर वह छोटे स्टेशनों पर नहीं रुकती। आपको हुई असुविधा के लिए हमें अत्यंत खेद है।"

चूक माझी आणि खेद त्यांना! माणसाने भांडावं तरी कोणाशी? त्या बाईने आमच्यासाठी पुढच्या डब्यांकडे हात दाखवला, जिथे ज्याला जागा मिळेल त्याने बसायचं असतं, आणि पुन्हा एकदा खेद व्यक्त करून ती गेली.

"उठा," सुलभा म्हणाली.

फार मोठ्याने नाही म्हणाली. पण हा शेवटच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज होता. मी उठलो. ती दारापाशी गेली, त्या आजी-आजोबांसमोर हात जोडले आणि आजीचा हात धरून तिला तिच्या खिडकीशी आणून बसवलं.

"अगं, पुढच्या डब्यात खिडकी मिळते का बघू..."

"बॅगा धरा," ती म्हणाली.

पुढचे डबे भरलेले होते. आम्ही परत येऊन दोन डब्यांमधल्या जागेत, दारापाशी उभे राहिलो. सुलभा डाव्या दाराच्या काचेतून बाहेर बघत होती. डाव्या बाजूला घरं होती, घरांच्या मागे समुद्र होता. फुजी तिकडे नव्हता हे सातवीतल्या पोरालाही माहीत होतं. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मी चार दिले असते, आणि सगळं सुरळीत झालं असतं. पण ती चांगली साडी नेसून, परक्या गाडीत, चुकीच्या बाजूला उभी होती, आणि तिला तिथे उभी करणारा मी होतो.

थोड्या वेळाने दार सरकलं आणि त्या आजी बाहेर आल्या. मागोमाग आजोबा. आजीने सुलभाला काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण 'तुम्हाला नेमकं काय हवं होतं?' हा प्रश्न जगात सगळीकडे एकाच सुरात विचारतात. सुलभाने क्षणभर विचार केला. मग बोटांत खडू धरतात तसं धरून तिने दाराच्या काचेवर एका फटक्यात काढला. खाली रुंद, वर निमुळता, डोक्यावर टोपी.

"फुजी-सान!" आजी जवळजवळ ओरडल्या. साऱ्या जपानात मी ऐकलेला तो पहिला मोठा आवाज! त्यांनी सुलभाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच आत नेलं, खिडकीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या.

आता दारापाशी मी, ईशा आणि आजोबा.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि कमरेतून वाकले. त्यांचं म्हणणं बहुधा असं, की सीट घ्या हो, काही हरकत नाही. मी घाईघाईने वाकलो. माझं म्हणणं असं, की चुकलो, माफ करा. माझं पाहून ते परत वाकले, पहिल्यापेक्षा खाली. आता, समोरच्याने शेवटचा आकडा टाकला आणि मी गप्प बसलो, असं रिछाईत कधी झालेलं नाही! मी आणखी खाली वाकलो. ते आणखी. मी गुडघ्यांपर्यंत. ते ऐंशीच्या घरातले, पण कमर काय होती! वाकल्यावर दोघांनाही एकमेकांचे फक्त बूट दिसत होते.

"बाबा! बाबा, पीछे देखो!"

"थांब, यांचं होऊ दे."

"बाबा, माउंट फ़ूजी!"

"एक मिनिट! हे मागे हटून नाही राहिले!"

गाडीचा वेग कमी झाला. (हे मला पायांना कळलं.) त्या डोंगराच्या पायथ्याचंच स्टेशन आलं होतं. नाव ईशाने नंतर सांगितलं. ही गाडी तिथे चांगली पाच मिनिटं थांबते, मागच्या वेगवान गाड्यांना पुढे जाऊ द्यायला. मधेच एक गाडी तोफेच्या गोळ्यासारखी बाजूने गेली. ती आमची, खरीखुरी, तीन रिकाम्या सीटा घेऊन. त्या गाडीतून फुजी दिसतो तो डोळ्यांसमोरून सर्रकन जातो म्हणे. सुलभाच्या खिडकीत तो गाडी शिरताना होता, थांबल्यावर होता, सुटताना होता. एवढा वेळ आमचा सौदा चालूच! शेवटी बाराव्या वाकण्याला आजोबांनी हात वर केले, हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. जिंकलो!

मी वळलो तेव्हा उजव्या दाराच्या काचेत एक बोगदा होता.

पुढच्या स्टेशनाआधी सुलभा बाहेर आली. डोळे ओले, चेहरा असा की ती नुकतीच शाळेत लागली होती तेव्हाचा आठवला. म्हणाली, "अहो, बर्फ दोन्हीकडे सारखं नाही उतरत. एका अंगाला जास्त खाली येतं. तीस वर्षं मी दोन्हीकडे सारखं काढलं!" मग माझ्या हातातली एक बॅग तिने आपणहून घेतली. "चला, यापुढचंही प्लॅनिंग तुम्हीच करा. तुमच्या चुकीच्या गाडीने जे दाखवलं, ते बरोबरच्या गाडीने दाखवलं नसतं." आणि प्रेमाने विचारलं, "तुम्हाला कसा वाटला फुजी?"

धंद्यात असो की संसारात, जे डोळ्यांनी पाहिलं तेच मी सांगतो.

"तपकिरी," मी म्हणालो. "नाडीवाला. टाचेकडे जरा झिजलाय, पण पॉलिश एकदम फर्स्ट क्लास!"